निसर्ग टिकवण्याच्या पुढे काय? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदी, तलाव, झाडे आणि वस्त्या यांच्या कामासाठी आम्ही नागपुरात आणि आसपासच्या गावांत फिरतो, तेव्हा काही प्रश्न हमखास येतात. कधी सभेत, कधी चहाटपरीवर, कधी सोसायटीच्या गेटवर. त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत.

"पर्यावरण टिकवा" हे आम्ही शाळेपासून ऐकतोय. यात नवे काय आहे?

१९८७ साली ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची व्याख्या जगापुढे ठेवली: आजच्या गरजा भागवा, पण पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ देऊ नका. हा विचार तेव्हाही मोलाचा होता आणि आजही आहे. पण टिकवायचे म्हटले की हाताशी असलेले ठीकठाक आहे असे आपण धरून चालतो, आणि नागपुरात ते तसे नाही. नागनदी लाव्हा गावाकडच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावात येते आणि तिथून पुढे शहर ओलांडेपर्यंत तिच्यात सांडपाणीच जास्त असते. आज आहे ते टिकवायचे ठरवले तर आपण एक नाला टिकवू. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेखाली गेलेल्या वावरांचे तेच, भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगाचे तेच.

म्हणून बिघडलेले आधी दुरुस्त करावे लागते. माती, पाणी, झाडे, मासे, कीटक यांना पुन्हा आपल्या बळावर वाढता यावे इतपत ती दुरुस्ती खोल असावी लागते. दुसरे म्हणजे, ज्यांचे सर्वात जास्त नुकसान झाले त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते आणि कसे करायचे हे ठरवण्यात त्यांचा अधिकार मानावा लागतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनासाठी जाहीर केले आहे. या दोन गोष्टींतला पहिला भाग, म्हणजे दुरुस्ती, लोकांना लगेच पटतो. दुसऱ्या भागावर, म्हणजे न्यायावर, वाद होतात, म्हणून पुढची बरीचशी उत्तरे त्यावरच आहेत.

न्यायाचा यात काय संबंध? नदी स्वच्छ झाली की ती सगळ्यांसाठीच होते ना?

नागनदी पारडीच्या पुढे गेली की बहुतेक नागपूरकरांच्या नजरेआड होते. पाणी मात्र वाहतच राहते. ते पिवळी नदीला मिळते, मग कन्हानला, आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. आंभोरा हे पाच नद्यांच्या संगमाचे तीर्थ. लोक तिथे श्रद्धेने डुबकी मारतात आणि त्याच पाण्यात आपल्या शहराचा मैला आलेला असतो. पुढे लगेच गोसेखुर्द धरणाचा फुगवटा. या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि त्यासाठी नागपूर-भंडारा भागातली गावेच्या गावे उठली. ज्यांनी वावर दिले, घर दिले, गावचे देऊळ सोडले, त्यांच्याच वाट्याला आता आपल्या संडासांचे पाणी येते. वैनगंगेत जाळे टाकणाऱ्या ढिवरांचा संसार त्याच पाण्यावर चालतो.

विजेचेही तसेच. कोराडी आणि खापरखेड्याची वीज राज्यभर जाते, राख मात्र इथेच पडते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, नाल्यांत शिरला. ज्यांच्या वावरात तो गाळ बसला त्यांनी काही सगळ्यात जास्त वीज वापरली नव्हती.

नुकसान सारखे वाटले गेलेले नाही. मग दुरुस्ती करताना "सगळ्यांसाठी सारखे" म्हटले, की जो आधीच वर आहे त्यालाच फायदा मिळतो: नदीकाठी फिरायला पायवाट होते, फ्लॅटचे भाव वाढतात आणि काठावरच्या वस्तीला नोटीस येते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा पाण्यावर हक्क कोणाचा हा प्रश्न त्यांनी देशापुढे मांडला. दीक्षाभूमीच्या शहराने नदीचा विचार करताना तो प्रश्न बाजूला ठेवणे आम्हाला मान्य नाही.

नागनदीचा मोठा सरकारी प्रकल्प आला आहे. आता काळजी कशाला?

प्रकल्प हवाच. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झाले, राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली १,९२५ कोटी रुपयांहून जास्त खर्चाचा हा प्रकल्प आहे. गटारवाहिन्या आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे झाल्याशिवाय नदीचे काहीच भले होणार नाही, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

आमचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. समजा, सगळे सांडपाणी अडवले. मग मार्च ते जून नदीत वाहील काय? शुद्ध केलेले पाणी उद्योगांना आणि वीजकेंद्रांना देण्यात नागपूर देशात पुढे आहे. भांडेवाडीहून रोज १३ कोटी लिटर शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीला देण्याची योजना याच शहराने उभी केली. त्यामुळे तेवढे धरणाचे पाणी वाचते आणि त्याचा अभिमान वाटावा असेच ते काम आहे. पण शुद्ध पाण्यातला एक वाटा नदीचा म्हणून राखून ठेवला पाहिजे, नाहीतर स्वच्छ पण कोरडे पात्र आपल्या हाती येईल.

दुसरी गोष्ट काठांची. दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती बांधल्या की पाणी जमिनीत मुरत नाही, काठावर लव्हाळे येत नाही, बेडूक-खेकड्यांना वर चढता येत नाही आणि पुराचे पाणी वेगाने खालच्या वस्तीत जाते. जिथे जागा आहे तिथे तरी काठ मातीचाच ठेवावा, त्यावर वाळा, लव्हाळा, करंज, अर्जुन, उंबर वाढू द्यावेत. लाव्ह्याकडचा उगमाचा भाग अजून मोकळा आहे. तिथे लेआउट पडण्याआधी ती जमीन नदीसाठी राखणे हे सगळ्यात स्वस्त काम आहे, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते.

मग नदीकाठच्या झोपडपट्ट्या तशाच ठेवायच्या? पुरात त्यांचाच जीव जातो.

पुराचा धोका खरा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि पाणी घराघरांत शिरले. माणसे गेली. पण त्या दिवशी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा पक्क्या घरांच्या वस्त्याही बुडाल्या. नदीची जागा फक्त गरिबांनी अडवली असे कोणी म्हणत असेल तर त्याने त्या सकाळचे फोटो पुन्हा बघावेत. पात्रावर आणि काठावर सरकारी व खाजगी, दोन्ही प्रकारची पक्की बांधकामे आहेत. हटवायचेच असेल तर यादी तिथून सुरू व्हावी.

काही घरे खरोखरच हलवावी लागतील. त्याच्या अटी साध्या आहेत. नवी जागा जवळच असावी, कारण धुणीभांडी करणाऱ्या बाईचे काम पाच-सात घरांत चालत जाऊन होते. तिला शहराबाहेर पंधरा किलोमीटरवर घर दिले की घर मिळते आणि रोजी जाते. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असावा. आणि वस्तीची बैठक, नकाशा भिंतीवर लावून, मराठीत-हिंदीत, आधी व्हावी, नोटीस नंतर यावी.

जास्तीत जास्त झाडे लावणे म्हणजेच पुनरुज्जीवन नाही का?

नाही, आणि याबद्दल जरा सविस्तर बोलावे लागेल, कारण चांगल्या मनाने केलेले सर्वात जास्त नुकसान इथेच होते.

पूर्व विदर्भात महसुली नोंदीत "झुडपी जंगल" नावाचा एक प्रकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या जमिनींना वनाचा दर्जा असल्याचे स्पष्ट केले. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून सुमारे ८६ हजार हेक्टरचा हा प्रश्न आहे. कागदावर ते वन, पण गावकऱ्याच्या लेखी ते चराईचे रान. खडकाळ, मुरमाड, मध्ये मध्ये बोर, पळस, भराटी आणि बाकी गवत. गाईगुरे तिथेच चरतात, गोवारी-धनगरांचे कळप तिथेच असतात, बायका तिथूनच तरोट्यासारख्या रानभाज्या खुडून आणतात.

आता एखादी संस्था किंवा कंपनी येते आणि "पडीक जमीन हिरवी करू" म्हणून तिथे खड्डे घेते, काटेरी तार लावते आणि निलगिरी, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया ओळीने लावते. फोटोत हिरवे दिसते. खाली गवत उरत नाही, तित्तर-लावे निघून जातात, ससे निघून जातात, आणि तारेमुळे ज्याच्याकडे स्वतःचे वावर नाही पण चार शेळ्या आहेत तो आधी मरतो. गवताळ माळ हा स्वतःच एक पूर्ण निसर्ग आहे. गवताची मुळे जमिनीखाली दाट जाळे विणतात, पाणी धरतात, माती धरतात. माळाला झाडाची नाही, विश्रांतीची गरज असते.

ती विश्रांती देण्याची पद्धत गावाला माहीत असते. रानाचे तीन-चार तुकडे करायचे, एका तुकड्यात पावसाळाभर जनावर सोडायचे नाही, गवताचे बी पडू द्यायचे, दिवाळीनंतर गवत विळ्याने कापून न्यायचे. पुढल्या वर्षी दुसरा तुकडा बंद. पहिल्याच वर्षी पवन्या, मारवेल अशी चांगली गवते डोके वर काढू लागतात, कारण त्यांची मुळे जिवंतच असतात, जनावरांच्या तोंडातून सुटायला त्यांना वेळ हवा असतो. घाणेरी आणि गाजरगवत मात्र हाताने उपटावे लागते, आणि ते काम रोजगार हमीतून करता येते. अकोला-वाशीमकडे फासेपारधी समाजाने याच रीतीने माळराने राखली आहेत. शिकारी म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसांना गवतातल्या पाखरांची जी जाण आहे ती आमच्यासारख्या शहरी लोकांना पुस्तकातून यायची नाही.

झाडे लावायचीच तर आपल्या भागाची लावा: मोह, चार (चारोळी), तेंदू, बिबा, बेहडा, आवळा, पळस, अर्जुन, कुसुम. मोहाच्या एका झाडाखाली फुले वेचणाऱ्या घराला दर उन्हाळ्यात चार पैसे मिळतात, आणि म्हणूनच ते झाड कोणी तोडू देत नाही.

पण शहरात तर झाडेच हवीत ना? नागपूरचा उन्हाळा बघा.

शहरात हवीत, जरूर हवीत. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. २०१६ पासून शहराकडे उष्णतेशी लढण्याचा कृती आराखडाही आहे. पण सावली शहरात कुठे आहे ते एकदा भर दुपारी फिरून पाहा. सिव्हिल लाइन्समध्ये जुन्या कडुनिंबांची, चिंचांची कमान आहे. जिथे पत्र्याच्या छपराखाली सहा माणसे राहतात त्या वस्त्यांत रस्त्यावर एक झाड नसते. मजुरांचे ठिय्ये, हातगाड्यांच्या जागा, ऑटो स्टँड, शहर बससाठी उभे राहण्याची ठिकाणे, पहिली झाडे तिथे लागली पाहिजेत. सुशोभीकरणाच्या यादीत ही ठिकाणे सहसा नसतात.

असलेले मोठे झाड वाचवणे हे नवीन दहा लावण्यापेक्षा मोठे काम आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार राज्याच्या शहरी वृक्ष कायद्यात पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष मानले जाते, आणि झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. ऐंशी वर्षांच्या कडुनिंबामागे ऐंशी रोपे. तरी त्या रोपांची सावली पडायला एक पिढी जाते.

तोडल्याशिवायही झाड मरते, आणि नागपुरात हे गल्लोगल्ली घडते आहे. सिमेंट रस्ता होतो, पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवतात, मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळत नाही. दोन-तीन वर्षांत शेंडा सुकतो आणि वादळात झाड पडले की लोक झाडालाच दोष देतात. तुमच्या दारात असे झाड असेल तर परवानगी घेऊन ते मोकळे करा. बुंध्याच्या चारी बाजूंनी एक-एक मीटरचे ब्लॉक सब्बलीने उचलायचे, हळू, कारण बारीक मुळे ब्लॉकच्या खालच्या वाळूत पसरलेली असतात आणि ब्लॉकला चिकटून वर येतात. ती तोडायची नाहीत. कडक झालेला गिट्टीचा थर घमेल्याने काढायचा, त्या जागी माती आणि वाळलेला पाला भरायचा, बुंध्याला मातीचा ढीग लावायचा नाही. पहिल्या पावसात तिथे पाणी मुरताना आवाज येतो इतकी ती माती तहानलेली असते. दोन माणसांचे एका सकाळचे काम आहे.

हे सगळे बोलायला ठीक. आपल्याकडे कुठे झाले आहे का?

झाले आहे, आणि दूर जावे लागत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो मालगुजारी (जुन्या जमीनदारीतले) तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधायला सुरुवात केली. उतारावर मातीची पाळ, बाजूला सांडवा, खाली धानाच्या बांध्या, वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, लोकांकडे निस्ताराचे (रोजच्या वापराचे) हक्क राहिले आणि देखभाल मात्र कोणाचीच राहिली नाही. गाळ साचला, काठांवर बेशरम नावाची झुडपे माजली. मत्स्य विभागाने आणि संस्थांनी रोहू, कटला, मृगळ सोडले. त्यासाठी बीज विकत आणावे लागे आणि गावठी मासे कमी होत गेले.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर यावर काम केले. आधी ढिवरांनाच विचारले: पूर्वी या तलावात कोणते मासे होते, कोणती वनस्पती होती, कोणता मासा कशात अंडी घालायचा? जुन्या माणसांना ते सगळे ठाऊक होते. मग बायका-पुरुषांनी बेशरम मुळासकट उपटली. नुसती कापली तर ती पुन्हा फुटते, कांडीही चिखलात पडली तर रुजते, म्हणून उपटून बाहेर वाळवावी लागते. तलावाचा उथळ भाग, जो उन्हाळ्यात कोरडा पडतो, तिथे नांगरट करून पाणी आल्यावर देशी पाणवनस्पती लावल्या. काही पाण्यात बुडालेल्या, काही तरंगत्या, काही काठावर उभ्या. देवधानासारखे रानभात वाढले की मरळीसारख्या माशांना अंडी घालायला आणि पिलांना लपायला जागा मिळते. मासे परतले, पाखरे परतली, आणि जाळ्यात येणारा मासा बीजाच्या खर्चाशिवाय येऊ लागला. या कामात ढिवर बायका पुढे होत्या. मासळीचा बाजार त्यांच्या हातात, पण तलावाच्या निर्णयात त्यांना पूर्वी कोणी विचारत नसे.

गडचिरोलीतले मेंढा-लेखा तर देशभर माहीत आहे. २००९ साली या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाना पुस्तक खुद्द केंद्रीय मंत्र्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर बोलणे चालू ठेवतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ साली हक्क मिळाल्यावर बांबूचे नियम स्वतः केले आणि तेंदूपाने तोडायचे नाही असे ठरवले, कारण पानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात. पानांचा पैसा सोडून त्यांनी जंगल वाढू दिले, तेही बांबूवर मजुरी मिळवत.

खाणीची आणि राखेची जमीन पुन्हा जिवंत होते का?

होते, आणि त्याचे उदाहरण नागपूर जिल्ह्यातच आहे. सावनेर तालुक्यात गुमगावची मँगनीज खाण आहे. खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीचे ढीग वर्षानुवर्षे उघडे असतात. त्यात सेंद्रिय अंश नसतो, पाणी ठरत नाही, उन्हाळ्यात ते भट्टीसारखे तापतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतील डॉ. आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी त्या ढिगावर साखर कारखान्यातून निघणारी प्रेसमड मिसळली, मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू रोपांबरोबर दिले, आणि जिथे तणही उगवत नव्हते तिथे झाडोरा उभा राहिला. जीव आधी मातीत परत आणायचा, मग वर, हे त्यामागचे सूत्र.

राखेबद्दल ३१ डिसेंबर २०२१ ची केंद्राची अधिसूचना सांगते की वीजकेंद्राने सर्वच्या सर्व राख वापरात आणली पाहिजे, जुनी साठलेलीही. अंमलबजावणीसाठी गावकऱ्यांनी पाठपुरावा करावा लागतो.

पण जमीन हिरवी झाल्यावर ती कोणाची, हा प्रश्न कुठल्याच अहवालात नसतो. आमचे मत स्पष्ट आहे: ज्या गावाची जमीन खाणीत गेली त्या गावाला तिथल्या गवत-लाकूड-मधावर हक्क मिळाला पाहिजे.

आम्ही शहरात राहतो. आदिवासींचा आणि जंगलाचा प्रश्न आमचा कसा?

तुमच्या नळाला पाणी बहुतांशी पेंचचे येते. पेंचच्या पाणलोटात जंगल आहे म्हणून ते येते, आणि त्या धरणासाठी, त्या व्याघ्रप्रकल्पासाठी ज्यांना रान सोडावे लागले, मासेमारी सोडावी लागली, ते बहुतेक आदिवासी आणि भटके आहेत. हे शहरच गोंड राजा बख्त बुलंद शहा यांनी १७०२ च्या सुमारास वसवले.

२००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेला जंगलाचे रक्षण आणि पुनरुज्जीवन करण्याचा हक्क दिला आहे. कंपनीला किंवा वनविभागाला त्या हद्दीत वृक्षारोपण करायचे असेल तर आधी ग्रामसभेची संमती विचारा. तुम्ही एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीवर काम करत असाल तर एवढा एक प्रश्न तुमच्या बैठकीत विचारलात तरी फरक पडतो.

कचरा वेचणाऱ्यांचे काय?

नागपुरात रोज हजार टनांहून अधिक कचरा होतो. भांडेवाडीत त्यातले प्लास्टिक, पुठ्ठा, लोखंड हाताने वेगळे करणाऱ्या बायका या शहराच्या सगळ्यात जुन्या पर्यावरण कार्यकर्त्या आहेत, बिनपगारी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी त्यांची ओळख मान्य करून त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले. नवे यंत्र, नवा ठेकेदार येतो तेव्हा त्यांना गेटबाहेर काढले जाते, हा अनुभव वारंवार येतो. तुमच्या सोसायटीत ओला-सुका वेगळा करा आणि सुका कचरा वस्तीतल्या वेचक बाईला थेट द्या, ओळखपत्र आणि हातमोजे यांची सोय सोसायटीने करा.

म्हणजे तुम्ही विकासाच्या विरोधात आहात?

नाही. मेट्रोने जातो, वीज वापरतो. रस्ता कुठून न्यायचा हे ठरायच्या आधी विचारा, एवढे मागतो.

पैसा कुठून येणार?

पैसा आहे, खर्चाची दिशा चुकते. जंगल तोडल्याच्या भरपाईचा निधी २०१६ च्या कायद्याने राज्यांकडे येतो, आणि तो बहुधा तारेच्या कुंपणात व रोपांत जातो. जिल्हा खनिज निधी आहे, रोजगार हमी आहे, नदीचा प्रकल्प आहे, कंपन्यांचा सामाजिक निधी आहे. तलावाची बेशरम काढायला, माळाचे तुकडे राखायला लागणारा खर्च यांच्या तुलनेत किरकोळ असतो. त्यात मजुरीच जास्त आणि ती गावातच राहते.

काम खरेच चांगले झाले हे कसे ओळखायचे?

लावलेल्या रोपांची संख्या विचारू नका. तीन उन्हाळे ओलांडलेली किती, ते विचारा. तलावात देशी मासा स्वतःहून वाढतो का, हिवाळ्यात पाखरे उतरतात का, विहिरीला मे महिन्यात पाणी आहे का, हे बघा. आणि आणखी तीन गोष्टी: काम सुरू होण्याआधी तिथे राहणारी माणसे काम संपल्यावरही तिथेच आहेत का, त्यांची कमाई वाढली की घटली, आणि निर्णयाच्या वहीत बायकांच्या, भूमिहीनांच्या सह्या आहेत का. पहिल्या गोष्टी जमल्या आणि या तीन नाही जमल्या, तर ते काम फार टिकत नाही, कारण राखणारे कोणी उरत नाही.

कायद्याने आम्हाला काय मागता येते?

मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी होते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. तो मागून घ्या, वाचा, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. झाड तोडण्याची नोटीस लागली तर मुदतीत हरकत घ्या. माहिती अधिकारात शुद्धीकरण केंद्राच्या पाण्याचे तपासणी अहवाल मागा. तुमच्या गावाची किंवा शहराची लोक जैवविविधता नोंदवही बघायला मागा. ती २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली लोकांकडून माहिती घेऊन करायची असते. राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, तेव्हा नोंदवही लोकांना न विचारताच भरलेली दिसली तर तिथे जाऊन सांगता येते.

आमच्या कॉलेजची मुले यायला तयार आहेत. त्यांना काय काम देऊ?

वृक्षारोपणाचा एक दिवस आणि सेल्फी नको. एका गटाने एकच जागा वर्षभर धरावी: नाईक तलाव, सोनेगाव, पिवळी नदीचा एखादा पट्टा किंवा आपल्याच कॉलेजची गल्ली. पहिले दोन महिने काहीच "करायचे" नाही. पाणी कुठून येते, कुठे जाते, कोण कपडे धुते, कोण गळ टाकते, कोणाची म्हैस येते, कोणत्या झाडावर कोण घरटे करते, हे लिहून काढायचे. काठावरच्या म्हाताऱ्या माणसांकडून तलाव पन्नास वर्षांपूर्वी कसा होता ते ऐकायचे, त्यांच्या शब्दांत उतरवायचे. मग त्याच लोकांना बोलावून नकाशा समोर ठेवायचा आणि पहिले काम कोणते ते त्यांना ठरवू द्यायचे. कधी ते काम जलपर्णी काढण्याचे निघते, कधी बायकांसाठी काठावर शौचालय बांधण्याचे. दुसरे निघाले तर तेच करायचे. महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज मुलांनी लिहावा, पण सही वस्तीची घ्यावी आणि पाठपुराव्याला वस्तीतले दोघे सोबत न्यावेत. पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी वही तिथेच, वस्तीतल्या कोणाच्या तरी घरी ठेवावी.